पहिली कातर घरच्या माणसाची

फोन आला तेव्हा मी परभणीच्या बसस्टँडवर मानवतच्या गाडीची वाट बघत उभी होते. पिशवीत डिंक होता, सुजातानंच आणायला सांगितलेला. 'मागच्यावानी कचऱ्याचा आणू नको, चाखून बघ, दातात कचकच आली तर त्याच्या तोंडावर परत टाक,' असं सकाळीच बजावलं होतं तिनं. आणि आता तिच्या गल्लीतला कुणीतरी माणूस मला सांगत होता की सुजाता गेली. मी त्याच्यावर खेकसलेच. म्हणलं, 'तोंडाला येईल ते बोलू नका, सकाळीच बोललेय मी तिच्याशी.'  तो बिचारा हळूच म्हणाला, 'ताई, टाकीपशी उभ्या होत्या... लगदा ढवळता ढवळताच खाली बसल्या. दवाखान्यात न्यायच्या आधीच...' गाडी लागली, माणसं चढली, गाडी निघूनही गेली. मी डिंकाची पिशवी छातीशी धरून तिथंच. आणि वेडेपणा बघा, रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच : आता हिची वही कोण करणार? आणि कशाची?

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलं. सुजाता आणि मी कॉलेजातल्या मैत्रिणी. ती पुण्याला जाऊन हातकागदाचं काम शिकून आली आणि मानवतला तिच्या घरामागं पत्र्याचं शेड टाकून आम्ही दोघींनी धंदा मांडला. कागद ती करायची; त्याच्या वह्या, पाकिटं, लग्नाच्या पत्रिका मी करायची. जिनिंगमध्ये झाडून टाकलेली कापसाची रुई आणायची, भिजवायची, शिजवायची, कुटायची, त्या लगद्यात जाळीची चौकट बुडवून अल्लाद वर उचलायची... चौकटीवर ओला कागद धरलेला असायचा, सायीसारखा. तो मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाच्या तुकड्यावर उलटा करायचा, फळीखाली दाबायचा, मग सोडवून दोरीवर वाळत घालायचा. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, 'सदा लगद्यात हात. असल्या बाईला कोण करून घेतंय? हळद लावायलाच हात वाळायचा न्हाई!' घरात ती आणि तिची आई, गयाबाई. मी त्यांना मावशी म्हणते.

रोज सकाळी मी शेडात पाय टाकला की सुजाता ये म्हणायची नाही, बस म्हणायची नाही. मान वर न करता विचारायची, 'काय दिसलं?' म्हणजे येताना रस्त्यानं काय बघितलंस ते सांग. काहीच नाही म्हणलं की चिडायची. 'डोळे काय घरी ठिवून आलीस?' एकदा मी सांगितलं की मोंढ्याच्या रोडला कापसाच्या गाड्यांमधून उडालेला कापूस बाभळींना अडकलाय, काट्याकाट्याला, अख्ख्या बाभळी पांढऱ्या झाल्यात. बाई तशीच ओल्या हातानं उठली. आम्ही दोघी भर बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला काट्यांतून कापूस वेचत होतो आणि येणारेजाणारे आमच्याकडं बघून हसत होते. त्या कापसाच्या लगद्यात तिनं बाभळीची पिवळी फुलं टाकली. ते कागद इतके देखणे झाले की विकावेसे वाटेनात. पण तिनं विकलेच, वर ज्या बायका आमच्याकडं कागद शिकायला यायच्या त्यांना कृतीसुद्धा सांगून टाकली. मी भांडले. म्हणलं, आपल्या डोक्यातलं असं वाटत सुटलीस तर आपल्याला काय उरायचं? तर म्हणे, 'बाभळी काय आपल्या बापाच्या हायेत का मंगे?'

मग एकदा वालूरचे एक सर आले. त्यांची आई वारली होती. पिशवीत आईचं लुगडं, लाल काठाचं, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं. 'कुणाला द्यावं वाटंना, गंगेत सोडावं वाटंना,' असं म्हणून त्यांनी ते सुजातापुढं धरलं. वहीला त्याचं कव्हर घालून द्या म्हणाले. सुजातानं ते लुगडं बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, 'सर, कव्हर कशाला? हे सुती हाय. ह्याचाच कागद होतो.' मग कातर त्यांच्या हातात दिली. 'पहिली कातर घरच्या माणसाची. ती मी न्हाई मारणार.' सरांनी काठाला कातर लावली आणि मला बघवेना, मी उठून बाहेर गेले. वही तयार झाली तेव्हा पानापानात काठाचे लाल धागे तसेच राहिले होते, बारीक बारीक. सरांनी पान गालाला लावलं आणि शेडाच्या पायरीवर बसून राहिले. त्यांनी कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला... गंगाखेडकडून, सेलूकडून, खेड्यापाड्यांतून माणसं यायला लागली. कुणाचं धोतर, कुणाची बंडी, एका बाईनं तर तान्ह्या लेकराचं झबलं आणलं होतं. भिंतीला फळी होती, तिच्यावर ती गाठोडी रांगेनं असायची. सुजाता सकाळी शेड उघडताना त्यांना म्हणायची, 'उठा बरं सगळे.' मला काटा यायचा अंगावर.

गयामावशींना मात्र हे काम समजलं त्या दिवसापासून त्यांनी शेडात पाऊल टाकलं नाही. घराच्या मागच्या दारातून शेड दिसतं, पण त्या दारात पाठ करून बसायच्या. एकदा मी वही शिवत बसलेली असताना मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. मावशी दारातून ओरडल्या, 'माझी सासू मढ्यावरचं लुगडं उचलायची, त्येच नेसायची. गावानं तेच ठिवलं होतं आमच्या नशिबाला. धम्म घेतला अन् आमी ते सोडलं, उपाशी ऱ्हायलो पर न्हाई उचललं. अन् तू त्याचं दुकान मांडलंस?' सुजाता एरवी आईला उलटून बोलायची नाही. त्या दिवशी हात पुसून बाहेर गेली. म्हणाली, 'माय, तवा फेकलेलं उचलावं लागत होतं. आता लोक माझ्या दारात दोन हातांनी घेऊन उभे ऱ्हातेत. घ्यायचं का न्हाई, ते मी ठरवते.' मावशी पुन्हा पाठ करून बसल्या. मी मान खाली घालून सुई चालवत राहिले. कधीकाळी ते फेकणारे हात कुणाच्या घरातले होते हे मला काय कुणी वेगळं सांगायला पाहिजे होतं? आमच्याच.

आणि गंमत अशी, की दुसऱ्यांच्या सुताचा एवढा पुळका असणारी ही बाई स्वतः आयुष्यभर सिंथेटिक नेसली. दिवसभर पाण्यात हात, सुती साडी भिजली की अंगाला चिकटते, वाळत नाही, इस्त्रीचा ताप. त्यापेक्षा धुतली की वाळली, झटकली की नेसली. मी चिडवायची, 'लोकांच्या सुतावर जीव टाकतीस अन् स्वतः प्लास्टिक गुंडाळतीस. तुझी वही कशी करायची गं मी? सिंथेटिक तर दहा वर्षं शिजवलं तरी शिजत नाही.' ती हसून म्हणायची, 'मला कुठं एवढ्यात मरायचंय! म्हातारी झाले की घेईन एक सुती.' एक होती खरं तर. पांढरी. विहारात वंदनेला आणि जयंतीला नेसायची ती. त्या दिवशी परभणीहून कशीबशी मी पोचले, तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, आणि माझ्या बोटांना सूत लागलं. तीच साडी नेसवली होती तिला. मी काय बोलणार होते? ही काढून ठेवा म्हणणार होते का, त्या आईला?

जलदान विधी झाला, पाहुणे गेले. शेडाला कुलूप होतं. आणि मला पाणी गळल्याचा आवाज यायला लागला. आमच्या शेडात दाबलेल्या कागदांतून सारखं पाणी निथळायचं... टप, टप... दिवसभर. वर्षानुवर्षं त्या आवाजात काम केलेलं. आता मी माझ्या घरी भाकरी थापतेय आणि मागं टप... टप. नळ बघितला, कोरडा. मोरी बघितली, कोरडी. नवरा म्हणाला, मनाचे खेळ आहेत. असतील. गल्लीतही कुजबुज सुरू झाली, की बंद शेडातून ढवळल्याचा आवाज येतो, सुजाता अजून लगदा ढवळायलीय, मेलेल्यांचे कपडे घरात ठेवल्यावर दुसरं काय होणार? एका बाईनं हे मला भाजीच्या गाड्यापाशी ऐकवलं. माझं डोकंच सटकलं. म्हणलं, 'ढवळू दे की! तुमच्या घरचं पाणी घेऊन ढवळायलीय का?' बोलून तर बसले, पण कुलूप उघडायची हिंमत मलाही होत नव्हती.

शेवटी वासानं उघडायला लावलं. राणीसावरगावच्या एका बाईच्या वडलांचं धोतर सुजाता ढवळत होती त्या दिवशी. ते टाकीत तसंच राहिलं होतं आणि आंबूस वास घरापर्यंत यायला लागला होता. मी नाकाला पदर लावून आत गेले. सगळं जिथल्या तिथं. ढवळायचं लाकूड टाकीत तिरकं. फळीवर गाठोडी. आणि दोरीवर मांजरपाटाचे तुकडे, तिनं चिमटे लावून वाळत घातलेले. वारा नव्हता तरी शेवटचा एक हलत होता. मी दार उघडलं त्यानं हलला असेल. मी दारातच थांबले. रोजच्या सवयीनं कान टवकारले... कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मी रडले, तोपर्यंत धड रडलेच नव्हते. मग डोळे पुसले, लगदा धुऊन काढला आणि चौकट हातात घेतली. मी कधी कागद उचललेला नव्हता. पहिले सगळे फाटले, जाड झाले, वेडेवाकडे झाले. पण त्या बाईचे वडील असे टाकीत ठेवून कसं चालेल? ती वही मी पुरी केली.

वही शिवत होते त्या दिवशी दारात सावली पडली. गयामावशी. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, हातात भरलेली पिशवी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड शेडाकडं होतं. 'मंगल,' त्या म्हणाल्या, 'माझ्या पोरीचं बी कर.' पिशवी माझ्यापुढं ठेवली. मला उघडायची गरजच नव्हती, तरी उघडली. निळी, जांभळी, ती फुलाफुलाची... एकेक साडी बाहेर काढली. सगळ्या सुळकन हातातून निसटणाऱ्या.  खोटं सांगून जिनिंगच्या रुईची वही करून द्यावी असंही क्षणभर वाटलं. पण ह्या बाईशी खोटं? मी सांगितलं, 'मावशी, ह्याचा कागद होत न्हाई.' त्यांनी साड्यांवरून हात फिरवला. 'एकच सुती होती,' म्हणाल्या. 'ती मीच नेसवली. मीच जाळली म्हण की...' आणि उंबऱ्यावर हात टेकून खाली बसल्या. मी पाणी द्यायला उठले आणि दोरीवरचा मांजरपाट माझ्या तोंडाला लागला.

मऊ. त्या सरांच्या आईच्या लुगड्याइतका मऊ. धंदा सुरू झाल्यापासून तेच तुकडे होते. एकेक ओला कागद तिनं त्यांच्यावर उलटा केला होता, तळव्यानं दाबला होता, सोडवला होता. नेसली नसेल ती, पण तिचे हात जितके ह्या कापडाला लागले तितके दुसऱ्या कशालाच लागले नसतील. मी सगळे तुकडे काढले आणि मावशींपुढं ठेवले. 'हे तिच्या हाताखालचं हाय. सुती हाय.' आणि कातर दिली. 'पहिली कातर तुमची.' ज्या बाईनं उपाशी राहून मढ्याचं कापड नाकारलं, तिनं ते तुकडे उराशी धरले. मग उंबरा ओलांडून आत आल्या, सुजाताच्या पाटावर बसल्या आणि कातर चालवली. एकदा हात चालायला लागल्यावर मला हात लावू दिला नाही. सगळं त्यांनीच कापलं.

लगदा झाला, कागद उचलले. तोवर माझा हातही जरा बसला होता. नवा मांजरपाट आणला होता, करकरीत. पहिला कागद वाळला तो मावशींनीच दोरीवरून काढला आणि दारातल्या उजेडात धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'काय दिसलं?' बोलल्यावर जीभ चावली मी. पण मावशी कागदात बघत होत्या. पांढऱ्यात कुठंकुठं रंग होते. इतक्या वर्षांत दाबलेल्या कागदांचे धागे त्या मांजरपाटात बसलेले, कितीही धुतलं तरी न गेलेले. 'हे लाल कुणाचं?' वालूरच्या सरांच्या आईचं, मी म्हणलं. 'अन् हे निळं?' ते झबलं होतं मावशी, लेकराचं. 'अन् हे पिवळं?' ही बाभळ. त्या बोट ठेवून एकेक विचारत गेल्या. मला आठवेल तसं मी सांगत गेले. मग कागद खाली घेऊन त्या म्हणाल्या, 'लोकंच लोकं दिसायलेत गं सगळे. माझी पोरगी कुठं हाय ह्यात?'

  मागं फळीखालच्या बाकीच्या कागदांतून पाणी निथळत होतं, टप, टप... आणि ह्या वेळी ते मावशींनाही ऐकू येत होतं.

आता काम पुन्हा सुरू आहे. माणसं गाठोडी घेऊन येतात, कातर मावशी देतात त्यांच्या हातात. सुजाताचे कागद मात्र तिच्या फळीवर सुटेच आहेत. मी सुईत दोरा ओवून ठेवलाय, खिडकीच्या लाकडात टोचलेली आहे सुई. मावशी रोज सकाळी त्यातला एक कागद घेऊन दारात उभ्या राहतात, उजेडाकडं धरून बघतात आणि परत ठेवतात. परवा मी विचारलं, 'मावशी, शिवू का आता?' तर मान वर न करता म्हणाल्या, 'थांब जरा. बघू दे मला. अजून दिसली न्हाई.'