मिलीमीटरचं खातं

माझ्या थोरल्या भावाला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. तो वायरमन म्हणून लागला. पुढे संगणक आले, सर्व्हर आला, सगळं त्याच्याच गळ्यात पडलं, पण तो वायरमनच राहिला. कारखाना चौदा माणसांचा. वाकड्या, आखूड, जन्मतः दुबळ्या पायांसाठी मापाचे बूट तिथे बनतात. गिऱ्हाइकं बहुतेक लहान मुलं. प्रत्येक पावलाची मापं आणि त्यावरून काढलेला आराखडा सर्व्हरवर असतो, आणि सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, दादाच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

शेजारच्या फोटोवाल्याच्या संगणकात कुणीतरी बाहेरून शिरलं आणि त्याचे सगळे फोटो कुलूपबंद करून बसलं. तेव्हा मालकीणबाई घाबरल्या. "वायरमन, आपल्याकडे काय बंदोबस्त आहे?" दादाने खरं ते सांगितलं, "काही नाही."

मग त्याने दोन गोष्टी बसवल्या. एक फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी. बाहेरून कुणाला आत सोडायचं हे तो ठरवतो. दुसरा प्रॉक्सी. कारखान्यातल्या कुणालाही इंटरनेटवरचं काही हवं असेल तर हा मध्ये उभा राहतो, आणून देतो आणि टिपून ठेवतो. पहिल्याच दिवशी दादाला कळलं, की शिलाईवाल्या मावशी तासभर नवऱ्याच्या घोरण्यावर उपाय शोधत होत्या. तो हे फक्त मला बोलला, आणि मी आता तुम्हाला.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन तो पहारेकऱ्याची नोंद वाचत होता. सकाळी दहा चाळीसला बाहेरून एक जण आत आला होता. पासवर्ड बरोबर, खातं खरं. खात्याचं नाव वाचलं आणि दादाचा कप तसाच हातात राहिला.

ते खातं मिलीमीटरचं होतं.

मिलीमीटर म्हणजे कारखान्याचे जुने आराखडेवाले, दादाचा वीस वर्षांचा दोस्त. अर्ध्या मिलीमीटरवरून भांडायचे म्हणून ते नाव. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. शेवटचा निरोप द्यायला अख्खा कारखाना गेला होता. दादाने दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरची पाटी स्वतः काढली, खण रिकामे केले. खातं बंद करायचं मात्र राहूनच गेलं.

"अंगावर सर्रकन काटा आला गं," तो मला म्हणाला. "क्षणभर वाटलं, हा परत आला."

दुसऱ्या दिवशी दहा चाळीस. पुन्हा तेच. या वेळी दादाने पडद्यावरून नजर हलवली नाही. आत आलेला माणूस काही चोरत नव्हता. त्याने एका नऊ वर्षांच्या मुलीचा आराखडा उघडला, टाच तीन मिलीमीटरवरून पाच केली आणि निघून गेला. लहान मुलांच्या बुटांची मापं कुणी बदलत होतं! त्याने तिथल्या तिथे खातं बंद केलं, बाहेरचा रस्ता बंद केला, जुन्या प्रतींवरून आराखडे होते तसे केले आणि मालकीणबाईंना सांगितलं.

तीन आठवडे गेले. मग बूट परत यायला लागले. आधी त्या नऊ वर्षांच्या मुलीचे. घोट्याला हे एवढे फोड. मग आणखी दोन जोड. मालकीणबाईंनी मिलीमीटरच्या जागी आलेल्या नव्या आराखडेवालीला बोलावलं. "इतके महिने एक तक्रार नाही. आताच काय झालं?"

ती रडकुंडीला आली. "बाई, माझ्या चुका तुम्हीच दुरुस्त करत होता ना? मी सकाळी काढलेलं दुपारी बदललेलं असायचं."

"मी? मी तर तुलाच शाबासकी देत होते!"

दादा दारात उभा होता. त्याला आता उलगडलं. बाहेरून येणाऱ्याने बदललेले आकडे बरोबर होते. चुकीचे आकडे त्याने परत बसवले होते, स्वतःच्या हाताने.

मिलीमीटरचा पासवर्ड घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक असणार? तसाच तो त्यांच्या घरी गेला. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दार उघडलं. मागे टेबलावर संगणक चालू.

"आलात? तीन आठवडे लागतच नाहीये. मला वाटलं, आमचंच नेट बिघडलं."

"वहिनी... तुम्ही?"

"बसा आधी. पाणी घ्या."

मग त्यांनी सांगितलं. जाण्याच्या सहा वर्षं आधीच मिलीमीटरची नजर गेली होती. कडेचं दिसायचं, मधलं सगळं धूसर. सकाळी कारखान्यात ते मुलांची पावलं हातात घेऊन डोळे मिटून चाचपायचे. सगळे म्हणायचे, काय हात आहे! दुपारी गुडघ्याचं कारण सांगून घरी यायचे आणि बोटांत साठवलेलं बोलून दाखवायचे. आराखडा वहिनी काढायच्या. घरून काम करायचा तो रस्ता दादानेच उघडून दिला होता, दोस्ताच्या गुडघ्यासाठी.

"ते गेल्यावर मी नुसतं बघायला आत गेले," वहिनी म्हणाल्या. "कुठलं पाऊल किती वाढतं, मला पाठ झालंय. टाच कमी पडलेली दिसली. मुलीला लागलं असतं. मग राहवेना."

"सांगायचं तरी! एखादा आकडा चुकला असता म्हणजे?"

"म्हणून तीनतीनदा तपासायचे. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सहा वर्षं आंधळ्याने फसवलं."

दादाने मालकीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं.

मालकीणबाई आधी भडकल्या. आठवड्याने मात्र त्यांनी वहिनींना रीतसर कामावर घेतलं. नवी आराखडेवाली त्यांच्या शेजारी बसून शिकते आणि दोघी अर्ध्या मिलीमीटरवरून भांडतात. त्या मुलीचे बूट वहिनींनीच नव्याने आखले. मिलीमीटरचं खातं दादाने पुसून टाकलं. वहिनींना त्यांच्या नावाचं दिलं, आणि कारखान्यात कोण आलं, कोण सोडून गेलं, याची यादी आता तो दर सोमवारी तपासतो.

पण एक धक्का त्याला अजून पचलेला नाही. "वीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं," तो म्हणतो. "शेवटची सहा वर्षं समोर बसून त्याने माझा चेहरा पाहिलाच नाही. आणि मला पत्ता नाही."