मार्कांच्या रकान्यावरचं चष्म्याचं घर

बाई जवळ आल्या, की आधी चष्म्याचं रिकामं घर आमच्या कागदावर ठेवायच्या. नेमकं मार्कांच्या रकान्यावर. मग म्हणायच्या, "आधी बघितलेलं लिव्ह. आकडा कुठं पळून चाललाय व्हय?"

सांगलीकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये मी नवी सुपरवायझर झाले होते. माण तालुक्यातलं गाव आणि बाची मेंढरं लांब राहिलेली, शाळा सातवीत सुटलेली. बेदाण्यातल्या काड्या आणि काळे पडलेले मणी वेचणाऱ्या बायकांना पाचपैकी मार्क द्यायचे, त्यावरून मालक कुणाला कायम करायचं ते ठरवणार. मार्क द्यायला शिकवायला बाई दर गुरुवारी इस्लामपूरहून एसटीनं यायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघा सुपरवायझरांना एकाच कामगार बाईचे मार्क एकमेकांपासून लपवून लिहायला लावले. मुमताजभाभींचे. मी दोन दिले. बारावी झालेल्या एकानं पाच, दुसऱ्यानं तीन.

"दोन का गं?"

"गप्प असत्यात. घुश्शात असल्यागत."

"आन तू रं, पाच?"

"गप्प असत्यात. उलटून बोलत न्हाईत."

"आन तीनवालं?"

"मधलं दिलं बाई. कटकट नको."

बाई इतक्या हसल्या, की चष्मा पुसावा लागला. "गप्प बसण्याला दोनबी आन पाचबी. बिचारीच्या कामाला मार्क कुणी दिलं?"

तुम्हीही कुणाकुणाला मनात असे मार्क देत असालच.

आठवडाभर प्रत्येकानं वेगवेगळ्या वेळी टेबलापाशी उभं राहून फक्त दिसलेलं लिहायचं, मार्क शेवटी, असं ठरलं.

"मला नीट लिवाय येत न्हाई, बाई."

"बघाय येतंय न्हवं? कळपातलं आजारी मेंढरू तुझा बा कसं वळखतो?"

मी उभी राहिले. भाभींचा ट्रे उशिरा भरायचा, हे खरंच होतं. पण त्यांचा हात मधूनच शेजारच्या ट्रेत जायचा. शेजारी बसायची माझ्या गावाकडची एकजण, दिवसभर मला हसवणारी. तिला मी मनातल्या मनात कधीच पाच देऊन टाकले होते. तिच्या राहिलेल्या काड्या भाभी वेचत होत्या, गप्प बसून. गुरुवार कधी उजाडतो असं झालं.

गुरुवारी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. बाईंनी रकान्यांवर आडवं ठेवलेलं चष्म्याचं घर उचललं. चार, चार, चार. आम्ही तिघं त्यावर एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"एक का कापला?"

"ट्रे उशिरा भरतोय," तिघंही एकदम म्हणालो.

बाईंनी चष्मा काढून घरात ठेवला. टक् वाजलं. त्या घरात चष्मा आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. "आता माझं काय काम हितं?" म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

पुढच्या गुरुवारी भाभी कायम झाल्याचा कागद आला. त्यांनी बाईंसाठी मूठभर बेदाणा माझ्या ओढणीत बांधून दिला. येतील अशी आशा होतीच, म्हणून मी फाटकाशी जाऊन थांबले. इस्लामपूरची एसटी आली, दोन माणसं उतरली, एसटी गेली.

मी गाठ सोडून बघितलं. बेदाण्यात एकही काडी नव्हती. हे नुसतं मनाला वाटलेलं नाही, बघितलेलं लिहितेय.