जॉबरकाकांना ऐकू आलं

कापडाच्या कारखान्यात बिघडलेले माग ठीकठाक करणाऱ्याला जॉबर म्हणतात. काकांनी उभी हयात तेच काम केलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना जॉबरकाकाच म्हणत. त्या खडखडाटात आपले कान नेमके कधी गेले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कारखान्यात कानांवाचून काही अडतही नसे. ओठ आणि हात बघून सगळं समजायचं, भांडणंसुद्धा रंगायची. घरी मात्र काकू ओट्याकडे तोंड करून बोलायच्या. पाठीवरून काय डोंबल कळणार? काका आपली मान हलवायचे. मान हलवली की विषय मिटतो, एवढं संसारात ते शिकले होते.

मुलीने हौसेने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते घातलं की साधा नळसुद्धा अंगावर धावून आल्यासारखा वाटायचा, म्हणून त्याची रवानगी कपाटात झाली होती.

त्या दिवशी दुपारी काका पाणी प्यायला उठले, तर काकू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. डोकं धरून, डोळे मिटून. शेजाऱ्याने लगेच गाडी काढली. निघता निघता काकांनी कपाटातून मशीन काढून कानात खुपसलं. दवाखान्यात कुणी हाक मारली आणि आपल्याला कळलीच नाही तर, ही एकच धास्ती.

इमर्जन्सीत नर्सने काकूंना पडद्यामागच्या खाटेवर नेलं आणि काकांना बाहेरची खुर्ची दाखवली. काका बसले आणि चारी बाजूंनी आवाज कोसळायला लागले. चाकांची करकर, कुणाचा खोकला, दार, पुन्हा दार. काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. हळूहळू त्या गलक्यातून माणसांची बोलणी सुटी व्हायला लागली.

समोर पायाला बँडेज बांधलेला एक तरुण फोनवर सांगत होता, "आई, ऑफिसातच आहे गं. आवाज? अगं, मीटिंग सुटलीय." एवढ्यात कुणाला तरी सुई टोचली आणि तो माणूस बोंबलला. तरुण घाईघाईने म्हणाला, "आमचे साहेब आहेत. असेच आहेत ते."

शेजारी दोघी बहिणी कुजबुजत होत्या. वडील आत होते.

"आता मी नेणार त्यांना," धाकटी म्हणाली. "आई शेवटपर्यंत तुझ्याकडेच होती. मला काय मिळालं?"

"तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना कसा चढणार ते?"

"मग मी खाली घर बघते. पण या वेळी नाही म्हणू नकोस, ताई."

ऐकू येणारी माणसं न ऐकल्यासारखं करण्यात तरबेज असतात. काकांना त्याची सवयच नव्हती. ते सरळ त्यांच्याकडे वळून, आ वासून ऐकत होते. ताईचं लक्ष गेलं.

"काका, काही हवंय का?"

"छे छे, तुमचं चालू द्या," काका म्हणाले. कारखान्यातल्या सवयीने ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की त्या तरुणाने फोन छातीशी दाबून धरला. धाकटीला रडता रडता हसू फुटलं. मग ताईलाही. हसू ओसरल्यावर ताई डोळे पुसत म्हणाली, "बरं, ने. पण मी आठवड्याला येणार." काकांना उगाचच हलकं वाटलं.

तेवढ्यात पडद्यामागून एक बाई बोलायला लागली. आवाज बारीक, थोडा खरखरीत, पण गोड. काकांना वाटलं, कोण बरं ही? बाई नर्सला म्हणाली, "चक्कर आजची नाही हो. बरेच महिने येतेय."

"घरी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की यांना. मान हलवली त्यांनी."

काका जागच्या जागी गार पडले. ती काकू होती. मशीन तसं कधी धड घातलंच नव्हतं. बायकोचा खरा आवाज त्यांच्या लक्षातच राहिला नव्हता.

"रागावू नका हं त्यांच्यावर," काकू सांगत होत्या. "त्या मानेचे उपकारही आहेत. स्वयंपाकघराला पिवळा रंग लावू का विचारलं, मान हलवली. लेकीने आपलं लग्न स्वतःच ठरवलंय म्हटलं, मान हलवली. शेजारणीबरोबर समुद्र बघून आले ती त्या मानेच्या जिवावर." आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मग काकू हळूच म्हणाल्या, "पण चक्कर येते म्हटलं, तेव्हा वाटलं होतं, वळून बघतील."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दोघी बहिणी आता दुसरीकडे बघत होत्या. त्यांनाही सगळं ऐकू आलं होतं.

डॉक्टर बाहेर आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होत होत्या, म्हणून चक्कर. गोळ्या बदलतील, रात्रभर इथेच ठेवतील, काळजीचं कारण नाही. काका पडदा सारून आत गेले आणि खाटेजवळ बसले.

"मशीन घातलंय मी," ते म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"पिवळ्या रंगाच्या आधीपासून."

"अगं बाई!" काकूंनी पदर तोंडाला लावला.

"समुद्र कसा होता?"

काकूंनी पदर खाली घेतला. मग उशीला टेकून त्यांनी सांगायला सुरुवात केली. मध्येच एक ट्रॉली गेली आणि एक वाक्य बुडालं. काका म्हणाले, "थांब. हे नाही कळलं. परत सांग." काकूंनी परत सांगितलं.

तेव्हापासून मशीन कपाटात जात नाही. फ्रीज फार घुंघुं करतो, अशी काकांची तक्रार असते. काकूंची वेगळीच. एवढ्या वर्षांत नवऱ्याबद्दलची कुरकुर त्या निवांत ओट्यापाशीच करायच्या. आता त्यासाठी त्यांना गच्चीवर जावं लागतं.