पेनिनाचा गाळा

माझी नणंद पेनिना शिवणकाम करते, आणि गेलं वर्षभर ती दमलेलीच आहे. त्या शिबिरापासूनच हे सुरू झालं, असं माझं मत आहे. आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियाला, बायकांसाठी धंदा वाढवण्याचं शिबिर होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, आवाक्यातलं एकच ध्येय ठरवा, कागदावर लिहा आणि रोज नजरेला पडेल असं भिंतीवर लावा.

पेनिनाने लिहिलं, 'नाताळच्या आत बाजारात माझा एक छोटा गाळा.' खरंच आवाक्यातलं होतं. गाळा बघून ठेवलेला होता आणि मालक नाताळपर्यंत थांबायला तयार होता. पण आमच्या घराला भिंती कुठल्या? नुसते खांब आणि वर छप्पर. तिने कागद खांबाला चिकटवला, तोही रस्त्याकडच्या. दुपारपर्यंत अख्ख्या गावाने वाचला.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर तुइलोमा काका आले. ते आमच्या कुळाचे प्रमुख, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही.

"पोरी, कुळाचं दुकान निघतंय आणि मला ते खांबावर वाचावं लागतं?"

"काका, दुकान कसलं? एक मशीन मावेल एवढी जागा आहे."

"असू दे छोटं. उद्घाटन रीतसर झालं पाहिजे. पाद्री येतील, ऑकलंडला राहणारी आपली मंडळी येतील, डुकरं भाजू. आणि सगळं कूळ एका कापडात दिसलं पाहिजे."

"एवढे कपडे शिवणार कोण?" मी विचारलं.

"सूनबाई, घरात शिवणारी असताना हे विचारतेस?"

पेनिनाने गाळ्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे निळ्या फुलाफुलांच्या कापडात गेले. मग मापं द्यायला माणसं येऊ लागली. आत्या, आत्याच्या सुना, कुठलेकुठले चुलतभाऊ. "कंबरेत जरा सैल ठेव गं, जेवायचंय त्या दिवशी," असं प्रत्येकाचं. गिऱ्हाइकांचं काम मागे पडलं आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. माझा संताप संताप झाला.

"नाही म्हणायला काय जीभ झडते का तुझी?"

"तुम्ही म्हणून बघा ना, वहिनी."

कुळाला नाही म्हणणारं माणूस आमच्या गावात मी अजून पाहिलेलं नाही.

ऑकलंडच्या मंडळींना तिकिटं मिळाली नाहीत. काकांनी उद्घाटन नव्या वर्षावर ढकललं. मालकाने शब्दाप्रमाणे नाताळपर्यंत वाट पाहिली आणि गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिला.

"देवाची इच्छा," काका म्हणाले. "कपडे तर तयार आहेत ना? रविवारी चर्चला घालू."

रविवारी चर्चमध्ये रांगच्या रांग निळी. पाद्र्यांनी सगळ्यांसमोर आमच्या कुळाच्या एकीचं कौतुक केलं. पेनिना शेवटच्या बाकावर जुन्या, विटक्या पोशाखात बसली होती. तिच्यापर्यंत येताना कापड संपलं होतं. मला एकदम रडू आलं. अंगावरचा नवा पोशाख नकोसा झाला.

जेवणं उरकल्यावर ती चटईवर आडवी झाली. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आता पुढे काय ठरवलंयस?"

तिने डोळे उघडले नाहीत. "पुढच्या वेळी कापड आलं की पहिलं माझं बेतायचं."

"आणि गाळा?"

"आधी हे तरी जमू दे, वहिनी."