पुढच्या दातांमधली फट

आमच्या काकांनी केलेली कवळी कवळी म्हणून ओळखू यायची नाही, हाच त्यांचा तोरा. दात काढायच्या आधी ते माणसाच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा घेऊन ठेवायचे आणि मग मूळचेच वाकडेतिकडे दात नव्याने बसवायचे. कुणी म्हणालं, "आता तरी सरळ करा की," तर भडकायचे. "सरळ दात बाहुलीला शोभतात! माणूस म्हटला की कुठेतरी चुकलेला असणारच."

काकूंच्या पुढच्या दोन दातांत फट होती. "मी त्या फटीवरच भाळलो," असं काका चारचौघांत सांगायचे आणि काकू तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्यांचे दात गेले तेव्हा काकांनी जीव ओतून कवळी केली. फट जशीच्या तशी! आम्ही सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

माझे बाबा काकांचे पाठचे भाऊ. काम त्यांच्याच हाताखाली शिकले. एका रविवारी जेवताना बाबांनी काहीतरी विनोद केला आणि काकू खळखळून हसल्या. काकांचा घास हातातच राहिला. दातांची रांग सरळ, फट गायब. अशी कवळी करणारा घरात दुसरा एकच माणूस होता.

"माझ्या पाठीमागे?" काका बाबांना म्हणाले.

"अहो, मला ती फट कधीच आवडली नाही," काकू म्हणाल्या. "लहानपणी किती चिडवायचे. दात गेले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. तर तुम्ही ती परत बसवलीत."

"मग मला सांगायचंस! याला सांगितलंस?"

मलाही बाबांचा संताप आला. भावाच्याच टेबलावर, भावाच्याच अवजारांनी केसाने गळा कापला होता.

बाबा मान खाली घालून म्हणाले, "दादा, वहिनी आपणहून काही बोलल्या नाहीत. कवळी आवडली का, एवढंच मी विचारलं. त्या रडायलाच लागल्या."

काका ताटावरून उठले. मी कामाच्या खोलीत गेलो तेव्हा ते काकूंचा जुना साचा मांडीवर घेऊन बसले होते.

"हिच्या तोंडाचा कण न् कण मला पाठ आहे रे," ते म्हणाले. मग त्यांनी साच्यातल्या फटीवरून बोट फिरवलं.

"हसताना तोंडावर हात धरायची ना, मला वाटायचं, लाजते."