चार सायलेन्सरवाल्या अक्का

अक्कांना साधी सायकल चालवता येत नव्हती. रिक्षात बसल्या तरी पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. पण अख्ख्या धुळ्यात कोणाकडे नव्हती अशी जपानी मोटरसायकल त्यांच्या मालकीची होती. आमच्या सरकारी दवाखान्यात नवीन आलेल्या नर्सला त्यांची ओळख 'चार सायलेन्सरवाल्या अक्का' अशीच करून दिली जायची. गाडीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन सायलेन्सर होते. अक्कांना ते नाव आवडायचं. आवडतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण ऐकलं की पदर नीट करायच्या.

त्या मूळच्या सावद्याच्या. आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ बाळू त्यांनीच वाढवला आणि त्यापायी लग्न केलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्या माझ्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या आणि क्वार्टरमध्ये शेजारीण. चौऱ्याऐंशी साली आम्ही काही जणींनी देवपुरात प्लॉट घ्यायचं ठरवलं. अक्का आणि मी शेजारी-शेजारी घेणार होतो. मधली भिंत घालायची नाही, एवढंसुद्धा बोलून झालं होतं.

त्याच सुमारास बाळूनं ही गाडी पाहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी एक परदेशी डॉक्टर बरीच वर्षं दवाखाना चालवत होते. ते कायमचे मायदेशी निघाले होते आणि येताना आणलेली, पण तिथल्या कच्च्या रस्त्यांमुळे फारशी न चालवलेली गाडी विकणार होते. बाळू तेव्हा स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. त्यानं अक्कांना समजावलं, की कंपनीनं ही गाडी बनवणं बंद केलंय, आपल्या देशात अशा मोजक्याच आहेत. परदेशात लोक जुन्या गाड्या दागिन्यांसारख्या जपतात. पंधरा वर्षांत हिच्यात देवपुरातले तीन प्लॉट येतील. पैसा अक्कांचा, अक्कल बाळूची, येईल त्यात अर्धं-अर्धं.

"अक्का, मोटरसायकल कधी वाढते का?" मी विचारलं.

"मले काय समजतं त्याच्यातलं," त्या म्हणाल्या. "पण बाळूले समजतं. आजवर त्यानं मागितलं काय माझ्याकडे?"

प्लॉटचे पैसे गाडीत गेले. माझ्या शेजारचा प्लॉट दुसऱ्या कोणी घेतला.

गाडी क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दर रविवारी सकाळी अक्का जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं ती पुसायच्या. टाकीचा रंग मला अजून आठवतो. वरवर तपकिरी, पण उन्हात आतून सोनेरी उजळायचा, मधाच्या बाटलीतून पाहावं तसा. महिन्यातून एकदा मेकॅनिक येऊन इंजिन चालू करायचा. तेवढा वेळ अक्का डोळे मिटून शेजारी उभ्या असायच्या. वॉर्डात पेशंटच्या छातीला नळी लावून डॉक्टर ऐकतात, तसं त्या ऐकायच्या.

धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात रबर वितळेल म्हणून त्या शेडला गोणपाट बांधायच्या आणि ड्यूटीवरून येऊन त्यावर पाणी मारायच्या. स्वतःच्या खोलीत मात्र एक कुरकुरणारा पंखा. "अक्का, एक कूलर घ्या," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "मला काय होतंय? मी थोडीच विकायची आहे?"

गाडीवर कोणी बसायचं नाही, हा नियम होता. आमच्या तरुण सर्जननं एकदा फार गळ घातली. "सिस्टर, पांझरेच्या पुलापर्यंत एक चक्कर. पेट्रोल माझं."

"मिटर वाढेल, डॉक्टर," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मिटर वाढलं की भाव उतरतो, असं बाळू सांगतो." ऑपरेशन थिएटरमध्ये त्या डॉक्टरला सगळे टरकून असत. त्या दिवशी तो मान हलवून निघून गेला.

दोनेक वर्षांत बाळू मस्कतला गेला. आधी महिन्याला पत्र यायचं, मग सणाला फोन, मग सणालाही नाही. लग्न त्यानं तिकडच्याच ओळखीत, मुंबईला केलं. अक्का दोन दिवस जाऊन आल्या. आल्यावर गाडी पुसता पुसता म्हणाल्या, "संसार लागला त्याचा. आता फुरसत कुठली."

मग एकदा बाळूचा फोन आला, की तो बायकोमुलांना घेऊन धुळ्याला येतोय. आठ वर्षांनी. अक्कांनी क्वार्टरला स्वतः चुना लावला. खापरावरचे मांडे करणारी बाई सांगून ठेवली. आणि गाडीकडे पाहून त्यांना वाटलं, ही जुनाट दिसते. टाकीवर बारीक चरे होते, सायलेन्सरना गंज धरला होता, सीट एका बाजूला उसवली होती. पाहुणा येणार म्हणून आपण घर सारवतो, तसंच त्यांना वाटलं असणार. चौकातल्या पेंटरला त्यांनी बोलावलं.

"बठ्ठं नवं करी देसू, अक्का," तो म्हणाला. "वळखूच येव्हाव नही."

सगळं नवं, ओळखूच येणार नाही असं, हा शब्द त्यानं पाळला. जुना रंग घासून काढून टाकी लालभडक केली. गंजलेले चारही सायलेन्सर भंगारवाल्याला देऊन नवे बसवले, चांदीसारखे चमकणारे. सीटला नवं रेक्झिन घातलं. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. अक्का मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेल्या. "नवरीसारखी दिसते ना?" त्यांनी विचारलं. दिसत होतीच. मी हो म्हटलं.

बाळू चार दिवस राहिला. पहिल्या संध्याकाळी अक्कांनी शेड उघडली. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अजून आहे का ही?" मग त्यानं मुलाला सीटवर बसवून फोटो काढला. मूल पडू नये म्हणून अक्कांनीच त्याला धरलं. निघताना मात्र तो म्हणाला, "तू रिटायर झालीस की काढून टाक, अक्का. तोवर चांगला भाव येईल. माझा अर्धा वाटा पोरांच्या शिक्षणाला होईल." रंगाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. त्याच्या लक्षातच आलं नसावं.

तीन वर्षांनी अक्का रिटायर झाल्या. क्वार्टर सोडायचं होतं. सर्जन डॉक्टरांच्या ओळखीनं पुण्याहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. जुन्या गाड्या जमवणारे, साठीचे, बोलायला मऊ. मीही होते. शेडचं दार उघडल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि दोन पावलं पुढे गेल्यावर उतरला. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला.

"रंग कधी दिलात?"

"तीन वर्षं झाली," अक्का कौतुकानं म्हणाल्या. "बठ्ठं नवं केलंय."

"आणि जुने सायलेन्सर?"

"ते गंजले होते. भंगारात दिले."

ते गृहस्थ तिथल्या रॉकेलच्या डब्यावर बसले. मग म्हणाले, "मावशी, मिटर पाहिलं मी. इतकी कमी चाललेली गाडी मी आजवर पाहिली नाही. कंपनीचा रंग, कंपनीचे सायलेन्सर असते, तर तुम्ही म्हणाल ती किंमत मी दिली असती. पण आमच्यात किंमत असते ती जुनेपणाला. नवा रंग कोणीही देतं."

अक्का गाडीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा खरवडला, तर खालून पहिला निघत नाही का?"

त्या गृहस्थांनी नाही अशी मान हलवली. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

तरी गाडी त्यांनी घेतली. एखाद्या चालू बनावटीच्या वापरलेल्या गाडीचा भाव दिला, आणि तोही मला वाटतं दयेपोटीच जास्त दिला. अक्कांनी त्यांना चहा केला. टेम्पोत गाडी चढवताना हमालानं तिच्या सीटवर पाय ठेवला. मी ओरडणार, तर अक्कांनी माझा हात दाबला.

पुढच्या आठवड्यात त्या मला बँकेत घेऊन गेल्या. बाळूच्या नावे ड्राफ्ट काढायचा होता. आकडा ऐकून मी चमकले. तेवढ्या पैशात देवपुरात दीड प्लॉट आला असता. रिटायर झाल्यावर मिळालेला जवळजवळ सगळा पैसा होता तो.

"अक्का, हे काय करताय?"

"तीन प्लॉटांचा भाव येईल म्हणाला होता. त्याचा अर्धा," त्या म्हणाल्या. "रंग मी दिला, शैला. त्याचं काय चुकलं? त्याले सांगू नको. आयुष्यात एक गोष्ट त्यानं माझ्यासाठी शोधून आणली होती."

मी शब्द दिला. पुष्कळ भांडले, पण दिला. पंधरा दिवसांनी बाळूचा फोन आला, तो त्यांनी दवाखान्यात येऊन घेतला. रिसीव्हर ठेवल्यावर म्हणाल्या, "खूश झाला. म्हणाला, अक्का, मी म्हटलं होतं ना." आणि हसल्या. अक्कांचं ते हसणं मला बघवलं नाही.

माझ्या घरी राहायला त्या तयार झाल्या नाहीत. नदीकाठच्या गल्लीत पत्र्याची एक खोली घेतली. पेन्शनीवर भाडं आणि दोन वेळचं जेवण भागायचं. पण रविवारी सकाळी काय करायचं ते त्यांना कळेना. माझ्याकडे यायच्या, ओट्यावर बसून राहायच्या. "हाताला काम दे," म्हणायच्या. मी शेंगा सोलायला द्यायची. दुसऱ्याच उन्हाळ्यात, पत्र्याच्या त्या खोलीत, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी मीच दार ढकललं.

बाळू दहाव्याला आला. सगळं रीतीनं केलं, रडलाही. नंतर एकटाच माझ्याकडे आला. चहा घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"खोलीत काहीच निघालं नाही, ताई," तो म्हणाला. "बँकेतही नाही. गाडीचा अक्काचा अर्धा वाटा कुठेतरी असणारच. ती कोणाकडे ठेवायची, माहीत आहे?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यानं कप खाली ठेवला. "तशी ती तुमच्याकडेच असायची ना, सारखी," असं म्हणून तो माझ्याकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिले. मग उठून मी कप आत नेऊन ठेवला.