मुद्दाम आउट

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या बिल्डिंगचे केअरटेकर बंटीकाका कचऱ्याच्या पिशव्यांचं अंपायरिंग करत. सकाळी पिशवी घेऊन खाली उतरलं, की सत्तरीचे काका टोपी सारखी करून वाकून बघत. कचरा नीट वेगळा केलेला असला की दोन्ही हात आडवे फाकून "सेफ!" बाटलीवर लेबल राहिलं असलं की मूठ हवेत, "आउट!" मग ऑफिसच्या घाईतला एखादा मॅनेजर तिथेच मुकाट्याने लेबल सोलत बसे. मीही बसलेय.

त्यांचं खरं नाव वेगळं. तरुणपणी ते बारा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळले आणि बारा वर्षं एकच काम केलं: बंट. म्हणजे चेंडू फटकवायचा नाही, बॅट आडवी धरून नुसता पुढ्यात टाकायचा. समोरचे तो उचलून तुम्हाला आउट करेपर्यंत तुमचा साथीदार पुढच्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, 'सेफ' पोहोचतो. म्हणून बिल्डिंगमध्ये ते बंटसान, म्हणजे बंटराव, आणि आम्हा मराठी घरांत बंटीकाका. 'बंटी' ही आमच्याकडे फार मोठी पदवी असते, अशी थाप माझ्या नवऱ्याने, प्रसादने, मारून ठेवली होती. काका ती ऐकून दर वेळी ताठ होत.

"मुद्दाम आउट?" प्रसाद पक्का क्रिकेटवाला. "काका, आमच्याकडे असल्या खेळाडूची चौकशी लागते!"

"आमच्याकडे पाठ थोपटतात," काका म्हणाले. "पेपरात फोटोही आला होता एकदा. पळणारा साथीदार मधोमध. कडेला माझी कोपरं."

हे सांगताना झाडूसुद्धा त्यांनी आडवा धरला होता.

आता माझा पराक्रम. आमच्या विजेच्या शेगडीवर वांगं भाजता येत नाही, म्हणून मी डब्याच्या गॅसवर चालणारी छोटी शेगडी आणली. भरीत झकास झालं. गॅसचा अर्धा भरलेला डबा मात्र मी सालांखाली, जाळायच्या कचऱ्यात कोंबला. काका तेव्हा कुणाचं तरी लेबल सोलवून घेत होते. पिशवीकडे ओझरतं बघून म्हणाले, "सेफ!" तासाभरात कचऱ्याच्या गाडीतून धूर निघाला. कुणाला इजा झाली नाही, पण बिल्डिंगची मिटिंग लागली.

मिटिंगचा विषय मोठा सभ्य छापला होता: 'परदेशी कुटुंबांना घर देण्याबाबत फेरविचार'. हे घर माझ्या कंपनीने चार ठिकाणचे नकार पचवून मिळवलेलं. ते गेलं तर पाचवं कोण देणार? आधी अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली. मग अध्यक्षांनी विचारलं, पिशवी कुणाची? आमच्याकडे कुणीही बघितलं नाही. इतक्या माणसांनी इतक्या शिस्तीत न बघणं मी प्रथमच अनुभवत होते. ऑफिसात तासभर प्रेझेंटेशन ठोकणारी मी, मिटिंगच्या छापील कागदाची घडी घालत बसले.

काका उठले, कमरेत वाकले. "तपासली मी. सेफ म्हणालो मी. चूक माझी." राजीनामा ते खिशातच घेऊन आले होते. अध्यक्षांना इतकं हायसं वाटलं, की फेरविचार राहूनच गेला.

कबुली मीही दिली हो! पण कुठे? काका लेकीकडे नागोयाला निघाले तेव्हा, स्टेशनच्या गेटापाशी, जिथे बिल्डिंगमधलं ऐकायला कुणी नव्हतं.

"काका, पिशवी माझी होती."

"माहितेय. वांग्याचा वास दुसऱ्या कुणाच्या पिशवीला येतो?"

मला भर स्टेशनात रडू कोसळलं. काकांनी बॅग खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि दोन्ही हात आडवे फाकले.

"सेफ!"

आम्ही अजून त्याच घरात राहतो.